आईचा विमा आणि कंपनीचे परिपत्रक

फोंडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, याबद्दल तू रागावला असशील. इकडे सर्व ठीक आहे, आईचे डायलिसिस नियमित चालू आहे. आज लिहायला कारण झाले ते कंपनीच्या परिपत्रकाचे. गट आरोग्य विम्याच्या नूतनीकरणात यंदा आईवडिलांना मुख्य पॉलिसीतून वगळायचे आणि ज्यांना हवे त्यांनी वेगळा हप्ता पगारातून भरायचा, असा त्यात प्रस्ताव आहे. कारण दिले आहे ते गेल्या वर्षीच्या वाढलेल्या क्लेमचे, म्हणजे उपचारखर्चाच्या दाव्यांचे. कोणाचे नाव घेतलेले नाही. पण वेर्ण्याहून परतताना बसमध्ये कोणाच्या आईविषयी कुजबुज चालते, हे मला ऐकू येते. तुझ्या बाबांच्या वेळी बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात आपण रात्री काढल्या आहेत, म्हणून हे तुलाच सांगावेसे वाटले.

आपण दोघे ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, होतो तेव्हाचे भांडण आठवते? ‘मी कधी आजारी पडत नाही, मग माझे पैसे कशाला कापता?’ असे तू दर महिन्याला विचारायचास, आणि 2019 साली कामगाराचा वाटा 1.75 टक्क्यांवरून 0.75 टक्क्यावर आला तेव्हा कँटीनभर सामोसे वाटून वाचलेले सगळे पैसे एका दुपारीच उडवलेस! मालकाचा वाटाही तेव्हा 4.75 वरून 3.25 टक्क्यांवर आला. पण त्या योजनेचे मर्म दरात नव्हते. तिथे वर्गणी पगारावर ठरते, आजारावर नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळले म्हणून कोणाची कपात वाढत नाही, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पगार 21,000 रुपयांच्या मर्यादेपुढे गेला, चालू वर्गणीकाळ संपला, आणि मी त्या छत्राखालून बाहेर पडलो.

गट विम्याचा हिशेब निराळा आहे. विमा कंपनी गेल्या वर्षी जमा झालेला हप्ता आणि दिलेले क्लेम यांची तुलना करून पुढचा दर सांगते. शंभर रुपये घेऊन एकशेतीस द्यावे लागले, तर ती तूट पुढच्या हप्त्यात येणार, हे मला मान्य आहे. मान्य नाही ती त्यावरची तोड. आईवडिलांचा गट वेगळा केला की ज्यांचे आईवडील धडधाकट आहेत ते बाहेर राहतील, आजाऱ्यांचीच मुले हप्ता भरतील, क्लेमचे प्रमाण आणखी वाढेल आणि पुढच्या वर्षी तो हप्ता त्यांनाही झेपणार नाही. गावच्या जत्रेची वर्गणी फक्त पालखी खांद्यावर घेणाऱ्यांकडून मागावी, तसे हे होईल.

शिवाय ‘विम्याचा हप्ता तर कंपनीच भरते’ असे जे म्हणतात, तेही अपुरे आहे. नेमणूकपत्रातल्या सीटीसीमध्ये, म्हणजे आपल्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात, विम्याचा हप्ता आपल्याच नावापुढे मांडलेला असतो. तो आपल्या श्रमाचाच मोबदला आहे, फक्त हातात न येता परस्पर विमा कंपनीकडे जातो. म्हणून त्याचे काय करायचे, हे ठरवताना आम्हाला विचारले पाहिजे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड घरात आहे, चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत आधार आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरी त्यामुळे कंपनीची जबाबदारी संपत नाही.

तू नोकरी सोडून म्हापशाला दुकान काढतो आहेस, हे मास्तरांकडून कळले. मनापासून आनंद झाला. मात्र नोकरी सुटली की गट विम्याचे संरक्षणही संपते. राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज कर, म्हणजे गटात काढलेली वर्षे जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकालात, म्हणजे त्यांचा खर्च मिळेपर्यंत थांबावे लागते त्या काळात, धरली जातील. वहिनींच्या थायरॉइडसाठी ते आवश्यक आहे.

सोमवारी एचआरबरोबर बैठक आहे. आईवडील मुख्य गटातच राहावेत आणि वाढीव हप्ता सर्वांकडून पगाराच्या प्रमाणात घ्यावा, अशी मागणी मी मांडणार आहे. तुमच्या कंपनीत मागे अशीच तडजोड झाली होती. तिचा कागद सापडला तर रविवारपर्यंत फोटो काढून पाठव.

तुझा,
जुना शेजारी