चॅड वाराह यांना अनावृत पत्र

आदरणीय पाळकसाहेब,
स. न. वि. वि.

तुम्ही २००७ साली गेलात, हे पत्र पोचणार नाही. तरी लिहिते. मी मुंबईत, जीव नकोसा झालेल्यांसाठीच्या एका हेल्पलाइनच्या फोनवर बसते. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. बँकेतून निवृत्त झालेली साधी बाई. माझ्यासारखीला त्या खुर्चीत जागा मिळाली ती तुमच्यामुळे.

१९३५ साली लिंकनमध्ये नवखे पाद्री असताना तुम्ही केलेला पहिला दफनविधी चौदा वर्षांच्या मुलीचा होता. पाळी आली आणि तिला वाटलं, गुप्तरोग झाला. विचारणार कुणाला? तिनं जीव दिला. त्यानंतर तुम्ही तरुण पोरापोरींशी या विषयावर उघड बोलू लागलात. त्या काळात, तेही पाद्र्यानं! (याच हातानं तुम्ही मुलांच्या ‘ईगल’ साप्ताहिकासाठीही लिहीत होतात, याची मला फार गंमत वाटते.)

२ नोव्हेंबर १९५३ ला लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी तुमची फोनसेवा सुरू झाली, तीच पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून ओळखली गेली. आत्महत्येचा प्रयत्न इंग्लंडात तेव्हा गुन्हा होता, १९६१ पर्यंत. आमच्या दंडविधानातलं त्याच गुन्ह्याचं कलम ३०९ त्यानंतरही कित्येक वर्षं टिकलं, ते असो.

खरे आभार पुढच्या गोष्टीचे. तुम्हाला भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, म्हणून त्यांना चहा द्यायला, थांबवून धरायला स्वयंसेवक आले. थोड्याच दिवसांत तुमच्या ध्यानात आलं, की बरेचजण चहा पिता पिता त्यांच्याशीच बोलून मोकळे होतात, तुम्हाला न भेटताच घरी जातात. दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. तुम्ही १९५४ च्या फेब्रुवारीत फोन त्यांच्याच हवाली केलात. उपदेश नाही, धर्म शिकवणं नाही, ऐकायचं.

ऐकणं सोपं नसतं हो. कधी पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येतो, मध्येच कुकरची शिट्टी. माणूस आहे, पण बोलत नाही. सल्ला अगदी जिभेवर येतो. तो गिळून “मी आहे, सावकाश बोला” एवढंच म्हणायचं.

तुम्ही २००३ पर्यंत, म्हणजे नव्वदी उलटेपर्यंत, त्याच चर्चचे मुख्य पाद्री (रेक्टर) होतात. माझी अजून सत्तरीही नाही. “आता गुडघे दुखतात, पुरे झालं” म्हणायची सोय काही तुम्ही ठेवली नाहीत!

आपली नम्र,
एक स्वयंसेविका