रविवारची बैठक : माजी विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता कॉलेजच्या वाचनालयात जमायचं आहे. आधी, वर्षभरात आपल्याला सोडून गेलेल्यांची आठवण. भाषणं नकोत. जुने ग्रुप फोटो मात्र आणा. मागं पेन्सिलीनं लिहिलेली नावं पुसट होत चालली आहेत, ती एकदा वहीत उतरवून घेऊ.

मग मेसच्या पैशांचा विषय. चंदगड, गगनबावड्याकडची काही मुलं महिनाअखेरीला एक वेळच जेवतात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं, त्या कोल्हापुरात हे बरं दिसत नाही. जमेल तेवढं द्या. कुणी दिलं ते मुलांना सांगायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

हारतुरे आणू नका. त्या पैशांत एखाद्याचा केएमटी बसचा पास निघेल.