सोलापुरी चादर म्हणून विकताय, तर विणली कुठं तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला मुलीकडं गेले होते. नोकरी लागल्यापासून ती मैत्रिणीसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. रात्री झोपताना तिनं कौतुकानं एक चादर काढून दिली, म्हणाली आई बघ, आपली सोलापुरी चादर, मोबाईलवरून मागवली, दोन दिवसांत दारात आली आणि तू आणतेस त्याच्या निम्म्या किमतीत. मी हात लावला आणि लगेच कळलं की ही आपली नाही. हाताला गुळगुळीत, वजनाला काहीच नाही, आणि उलटून बघितली तर मागची बाजू फिक्कट, नक्षी नुसती वरून छापलेली. खऱ्या सोलापुरी चादरीला उलटी-सुलटी बाजूच नसते हो, एकीकडं लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसरीकडं पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, कारण नक्षी छापलेली नसते तर विणलेली असते.

मुलीला पटेना. मग कडेचा एक धागा ओढून काढला आणि गॅसजवळ काडी पेटवून धरला. तो जळलाच नाही नीट, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. माझ्या पिशवीला सुती नाडी होती, तिचा धागा धरला तर कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटानं चुरली तर नुसती मऊ राख. मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पडला. पैशापेक्षा तिला वाईट वाटलं ते याचं, की आपल्या गावाची वस्तू आपल्यालाच ओळखता आली नाही.

मला त्याचं जास्त लागलं कारण माझे वडील आयुष्यभर जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर होते. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर, कन्ना चौकापासून चालत जाण्यासारखं. वडिलांसोबतचे बहुतेक जण पद्मशाली या विणकर समाजाचे, घरात तेलुगू बोलणारे, त्यामुळं आम्हा भावंडांना शाळेच्या आधी तेलुगू कळायला लागलं. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत कांडीवर गुंडाळायची, आणि आम्ही मागाच्या खटखटीतच अभ्यास करायचो, उलट लाईट गेली आणि सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले की दचकून जाग यायची. वडिलांना डबा द्यायला गेले की मी मागाच्या डोक्यावर फिरणारी पत्त्यांची माळ बघत उभी राहायचे. जाड पुठ्ठ्याचे पत्ते, त्यांना भोकं. वडील समजावून सांगायचे की जिथं भोक असतं तिथं सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा, तो झाला की पुढचा पत्ता. असे शेकडो पत्ते फिरले की मोराचा पिसारा उमटतो.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाकार यानं 1804 च्या सुमारास हे मशीन बसवलं, म्हणून त्याला जॅकार्ड म्हणतात. पुढं 1830 च्या दशकात इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी भोकाच्या पत्त्यांची कल्पना या मागावरूनच घेतली. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावरच सगळं चालतं, आणि आज आपला मोबाईलसुद्धा आतून शून्य आणि एकवरच चालतो. हे मी मुलीला त्या रात्री सांगितलं. ती कॉम्प्युटरवरच काम करते, पण तिचे आजोबा रोज हेच तत्त्व हाताळत होते हे तिला पहिल्यांदाच कळलं.

माझा राग ऑनलाईन खरेदीवर नाही. मी स्वतः मोबाईलवरून औषधं मागवते, भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देते. 1991 नंतर बाजार खुला झाला तेव्हा आमच्या घरात भीती होती, पण मुलांना नोकऱ्या मिळाल्या, चार गावं बघता आली, तेही त्याच बाजारामुळं हे मी मान्य करते. कुणी स्वस्त चादर बनवत असेल तर खुशाल बनवावी, ज्याला परवडते त्यानं घ्यावी. अशा स्वस्त चादरी बनवणाऱ्या हरियाणातल्या पानिपतच्या कारागिराशी आमचं काय भांडण, तोही पोटासाठीच करतो. पण त्यानं पानिपतची म्हणून विकावी ना! गिऱ्हाईक दोन वस्तूंतून निवडतं तेव्हा दोन्हींची नावं खरी असायला पाहिजेत, नावच खोटं असेल तर ती निवड कसली, ती फसवणूक झाली. आणि तोटा कुणाचा होतो तर सुताचा भाव, वीजबिल आणि कामगाराची मजुरी भागवून प्रामाणिकपणे जाड चादर विणणाऱ्याचा. त्याच्या चादरीशेजारी निम्म्या किमतीचा फोटो दिसतो आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

सोलापुरी चादरीला वीसेक वर्षांपूर्वीच भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालंय, म्हणजे या भागात बनलेल्या चादरीलाच ते नाव लावता येतं. 1999 च्या कायद्यात खोटं मानांकन लावून माल विकणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कायदा एवढा कडक, पण मोबाईलवर सोलापुरी चादर असं टाकून बघा, किती जण विणल्याचं ठिकाण सांगतात ते.

आणि आपल्या गावातलंही बोललं पाहिजे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला जाणारा भाविक वाट वाकडी करून सोलापुरात येतो आणि घरच्यांसाठी दोन चादरी घेऊन जातो, ही पूर्वीपासूनची पद्धत. मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी मी एका दुकानात उभी होते, बाहेरगावचं कुटुंब आलेलं, त्यांना माझ्यासमोर बाहेरचा माल सोलापुरी म्हणून बांधून दिला. मी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ताई, लोक स्वस्त मागतात, मी काय करू. मी म्हणाले, तुम्ही खरं सांगा, एवढंच करा. सिद्धेश्वराच्या यात्रेत, सोलापुरात बसून सोलापूरच्या नावानं खोटं विकायचं हे मला सहन झालं नाही आणि मी तिथं जरा जोरातच बोलले.

माझी मागणी फार मोठी नाही. ऑनलाईन विकताना चादर कुठल्या गावात विणली, सूत कसलं आणि वजन किती, या तीन गोष्टी किमतीच्या शेजारी लिहायची सक्ती करावी. आपल्या कारखानदारांनी जीआयचं लेबल प्रत्येक चादरीला शिवावं, आजही बरेच जण लावत नाहीत. आणि आपल्या पेपरनं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, बाहेरची गर्दी सुरू होते तेव्हा, खरी चादर कशी ओळखायची याचं एक पान छापावं. दोन्ही बाजूंचे फोटो मात्र मोठे द्या.

मुलीनं त्या विक्रेत्याला चादर कुठं विणली असं लिहून विचारलंय, हे पत्र लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. तिच्या मैत्रिणीला, ती नागपूरची, माझ्या अंगावरची जुनी चादर इतकी आवडली की तिनंही एक मागितलीय. तेव्हा येत्या रविवारी दोन चादरी घेऊन परत पुण्याला निघालेय, ओझं होणार आहे, पण कुरिअरनं पाठवायची नाही असं ठरवलंय, उलटी-सुलटी करून दाखवायचीय ना.

आपली,
पूर्व भागातली एक वाचक, सोलापूर