जिन्याखालच्या कपाटातला गठ्ठा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "घराचा एजंट क्रेडिट चेक करू दे की, मी कुणाचं काही देणं लागत नाही." एके काळी मीही असंच छातीठोकपणे सांगायचो. पण माझ्या नकळत माझ्यावर पैशांच्या दाव्यात कोर्टाचा निकाल लागलेला होता. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, म्हणून हे तुला माहीत नाही. पुढे लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

लेस्टरची खोली सोडली तेव्हा मी बँकेत, कामावर, डॉक्टरकडे, लायसन्सवर, सगळीकडे पत्ता बदलला. गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, तेवढा राहिला. लायसन्स आणि लॉगबुक, दोन्ही कागद डीव्हीएलएचेच, म्हणजे गाड्या आणि लायसन्सचं सरकारी खातं, एक बदलला की दुसरा आपसूक बदलेल असं वाटलं. तसं होत नाही. एका खाजगी पार्किंग कंपनीने डीव्हीएलएकडून लॉगबुकवरचा पत्ता घेतला, तिची पत्रं तिकडे गेली आणि मागोमाग कोर्टाचा दावाही तिकडेच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दावा पोस्टाने शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवला, की सहसा तो बजावला गेला असं धरतात. तुझ्या हातात पडलाच पाहिजे असं नाही. मग १४ दिवसांत उत्तर गेलं नाही की समोरचा एकतर्फी निकाल मागतो आणि त्याला तो मिळतो. तोवर एकाही न्यायाधीशाने तो कागद वाचलेला नसतो, याचा मला आजही राग येतो.

मला कळलं ते घरासाठीचं कर्ज नाकारलं तेव्हा. जुन्या घरमालकीणबाईंनी जिन्याखालच्या कपाटातून रबरबँड लावलेला गठ्ठा काढून दिला. टेकअवेच्या जाहिरातींमध्ये कोर्टाची दोन पाकिटं, चिकटवलेली तशीच. निकालाची तारीख चार महिन्यांपूर्वीची.

आणि मग मी खरा मूर्खपणा केला. त्याच दुपारी पैसे भरून टाकले. वाटलं, मिटलं. पण निकालापासून महिन्याच्या आत भरले तरच निकालांच्या रजिस्टरमधली नोंद पुसली जाते. त्यानंतर भरले तर नुसता 'फेडले' असा शेरा पडतो आणि नोंद ६ वर्षं तशीच राहते. आपलं घर लांबलं ते त्या पायी. आधी एन-२४४ फॉर्म भरून निकाल रद्द करायची मागणी करायला हवी होती. त्यात कोर्ट मुख्यतः हे बघतं, की तुझ्या बाजूत दम आहे का किंवा दुसरं काही सबळ कारण आहे का, आणि कळल्यावर तू लगेच आलीस का. महिनाभर विचार करत बसलीस तर तेच आडवं येतं.

आता तुझं. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या. तिघांकडूनही आपल्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढच, पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण जो पत्ता तुझ्या फाईलला जोडलेला नाही, तिथला निकाल त्यात दिसेलच असं नाही. निकालांचं अधिकृत रजिस्टर रजिस्ट्री ट्रस्ट चालवतं. त्यांच्या ट्रस्टऑनलाइन या वेबसाइटवर नाव आणि पत्ता घालून शोधता येतं. इथे चूक होते ती सगळे आत्ताचा पत्ता घालतात म्हणून. अगं, आत्ताच्या पत्त्यावर आलं असतं तर तुला कळलंच असतं ना! एडिंबरातल्या वर्षासाठी स्कॉटलंडचं रजिस्टर वेगळं बघावं लागेल. तिथे निकालाला डिक्री म्हणतात.

नावाचीही आपली गंमत आहेच. युनिव्हर्सिटीत तू नुसतं नाव-आडनाव लावलंस, पासपोर्टवर मधे माझं नाव आहे, आणि वीज कंपनीने तर तेच तुझं आडनाव करून टाकलं होतं. तिन्ही प्रकारे शोध.

काही सापडलं तर घाबरू नकोस, पैसेही भरू नकोस. रजिस्टरमध्ये दावा कुणी लावला ते लिहिलेलं असेलच असं नाही. कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख आणि रक्कम मिळते. त्या नंबरवरून कोर्टाला विचार, आणि मग मला फोन कर. रात्री केलास तरी चालेल.

तू राहिलीस त्या सगळ्या पत्त्यांची यादी पाठव, उन्हाळ्यात सहा आठवडे राहिलीस ती खोली धरून. लीड्सचे तीन मला आठवतात, चौथा आठवत नाही. तू वापरतेस ती गाडी अजून माझ्याच नावावर आहे. तिचं लॉगबुक आज काढून बघितलं. पत्ता बरोबर आहे.

तुझा,
बाबा