साहेब, फुलं नकोत, वॉर्डला माणसं द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब,

नमस्कार. मी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, 19 वर्षं झाली. (लोकांना वाटतं आम्ही आरोग्यमंत्र्यांच्या हाताखाली, पण आमचं खातं तुमच्याकडे.) नाइट करून आत्ताच घरी आलेय, झोप लागेना म्हणून लिहितेय, चूकभूल माफ करा.

काल मेडिसिन वॉर्डला आम्ही दोघी आणि पेशंट 58, त्यातले काही खाली गादीवर. 11 नंबरला पॅरालिसिसचे आजोबा आहेत, त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. बाराला मी आणि मावशींनी वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. दोनला परत जायचं होतं पण तेवढ्यात विष प्यायलेला पोरगा आला, इकडे एकाचं सलाईन संपलं, तिकडे कुणाचे नातेवाईक अंगावर धावून आले, आजोबांकडे पोचले तेव्हा पाच वाजून गेलेले. माकडहाडावर लाल चट्टा, बोटाने दाबला तरी पांढरा होईना. म्हणजे बेडसोअरची, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. हँडओव्हरला ते माझ्याच हाताने लिहिलं, फार लाज वाटली.

अरुणा शानबाग तुम्हाला माहीतच असतील. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला सिस्टर होत्या, 1973 ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, 2015 ला गेल्या, मधली 42 वर्षं तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. इच्छामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा याच सिस्टर नको म्हणाल्या. लोक याला सेवाभाव म्हणतात, असेलही, पण मला त्यात आधी पाळ्या लावून केलेलं काम दिसतं, एकीची ड्युटी संपली की दुसरी उभी. माझी नर्सिंगवर श्रद्धा आहे ती याच कामावर.

आणि 12 मेला, नर्सेस डेला, तुमची माणसं गुलाब देऊन 'सेवेचं व्रत' म्हणतात ना, ते नका म्हणू हो. व्रत म्हटलं की उपास आलाच, मग भरती कोण काढतंय! नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलला 3 पेशंटमागे 1 सिस्टर असा आहे. मी तेवढं मागतच नाहीये, नाइटला अजून दोघी द्या. आणि प्रत्येक वॉर्डच्या दारावर फळा लावायला सांगा, आज सिस्टर किती, पेशंट किती, रोज तीन शिफ्टला लिहायचं. नातेवाईकांनाही कळू दे आजोबांना वळवायला कोणी का आलं नाही.

आज परत नाइट आहे. जोडीला कोण येणार ते गेल्यावरच कळेल.

आपली,
एक स्टाफ नर्स