आठवण गेली की लक्ष?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्मृतिभ्रंशावरचा लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण 'मेंदूतले ॲसिटिलकोलीन (पेशींमध्ये निरोप पोचवणारे रसायन) घटले की आठवणी पुसल्या जातात' हे विधान फारच सरधोपट वाटले. अल्झायमरच्या रुग्णांत मेंदूच्या तळाशी ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, हे १९८०च्या आसपास लक्षात आले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांचाही तोच समज झाला होता.

माकडांनी तो समज डळमळीत केला. १९९४ साली व्हॉयटको या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतला हाच भाग विषारी रसायनाने निकामी केला. नव्या गोष्टी शिकणे आणि लक्षात ठेवणे यांच्या चाचण्यांत ती माकडे तरली. अडली ती लक्ष देण्याच्या चाचणीत. इशारा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे दिसली, की नजर न हलवता नुसते लक्ष तिकडे वळवणे त्यांना जड जाई.

अर्थात ते रसायन आंधळे होते, शेजारच्या पेशीही मारायचे. पुढे फक्त ॲसिटिलकोलीनच्या पेशी टिपणारे विष हाती आले. ते वापरून क्रॉक्सन, बॅक्स्टर प्रभृतींनी २०११ मध्ये माकडांच्या मेंदूच्या कपाळाकडच्या भागाचा ॲसिटिलकोलीनचा पुरवठा तोडला. माकडासमोर एका खळग्यात खाऊ ठेवायचा, झाकायचा, मध्ये पडदा टाकायचा आणि थोड्या वेळाने 'शोध' म्हणायचे. इतके साधे काम, पण माकडे तिथेच चुकू लागली. त्याच भागावर अवलंबून असलेली इतर अवघड कामे मात्र त्यांना जमत होती. म्हणजे ठेच लागली ती क्षणभर मनात धरून ठेवण्याला.

हा नुसता शास्त्रीय कीस नाही. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन आणि पोटातल्या कळांवरचे डायसायक्लोमिन हीसुद्धा ॲसिटिलकोलीनचेच काम अडवतात. (धोतऱ्याने माणूस बरळतो, त्यामागेही हेच.) आपल्याकडे या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात. विस्मरणासाठी दिले जाणारे डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन टिकवून धरते. ते घेणाऱ्या आजोबांनाच रोज रात्री सर्दीची गोळी दिली, तर एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे असा प्रकार होतो. पुढच्या पुरवणीत अशा औषधांची यादी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, मिरज