उशीवर बुक्के मारून राग जात नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला रागाविषयीचा लेख वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे आणि 'राग गिळू नका' हे त्यातलं म्हणणं मलाही पटतं. पण त्यातल्या एका सल्ल्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. राग आला की दार लावून घ्या, उशीवर बुक्के मारा, मनसोक्त ओरडा, म्हणजे राग बाहेर पडून जातो, असं त्यात म्हटलं आहे. हा उपाय मी जवळजवळ दोन वर्षं केला. त्याचे चटके माझ्या आईला बसले. म्हणून पत्र जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

मी गेली 11 वर्षं एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर काम करतो. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि पलीकडे चिडलेलं माणूस. दिवसाला साठ-सत्तर कॉल. बरेचसे लोक नुसते वैतागलेले असतात, काही संतापलेले, आणि दोन-चार तर आपण नाव सांगायच्या आतच आईबहिणीवर येतात. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की चिडलेल्या माणसाला 'शांत व्हा' असं कधीही म्हणायचं नाही. लगेच खुलासा द्यायला लागायचं नाही. त्याचं बोलून होऊ द्यायचं, आपला आवाज खालच्या पट्टीत आणि संथ ठेवायचा, आणि मग त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायची. "म्हणजे तुम्ही तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं, बरोबर?" इथे बहुतेक माणसं एक सुस्कारा सोडतात. हेडफोनमध्ये तो स्वच्छ ऐकू येतो. मग ती 'हो' म्हणतात. कामाचं बोलणं होतं ते त्या 'हो'नंतरच, त्याआधी कितीही डोकं फोडलं तरी होत नाही.

हे सगळं मला कामावर उत्तम जमत होतं. घरी जमत नव्हतं.

माझी आई 81 वर्षांची आहे. तिला ऐकू कमी येतं. संध्याकाळी मी घरात पाय ठेवला की तिने दिवसभर जपून ठेवलेलं काहीतरी विचारायचं असतं. मी उत्तर देतो. ती म्हणते, "काय म्हणालास?" मी पुन्हा सांगतो. "काय?" तिसऱ्या वेळी डोक्यात तिडीक जायची आणि मी ओरडायचो. मग खोलीत जाऊन दार आपटायचं आणि उशी बडवायची. बाहेर यायचो तेव्हा हलकं वाटायचं, हे खरं आहे. हलकं वाटायचं म्हणूनच तर मी ते करत राहिलो. पण पुढे पुढे तिसऱ्या 'काय'ची वाट बघावी लागेना, दुसऱ्यालाच माझा आवाज चढू लागला. त्यानंतर पहिल्यालाच. राग बाहेर पडून संपत असता, तर असं झालं नसतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझी मुलगी मैत्रिणीला व्हॉइस मेसेज पाठवत होती. पाठवण्याआधी तिने तो ऐकून बघितला आणि पुसायला निघाली. मी सहज विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "मागे तुमचा आवाज आलाय, बाबा." मी म्हटलं, पुसू नकोस, मला ऐकव.

आमच्याकडे दर महिन्याला आपलेच कॉल आपल्याला बसवून ऐकवतात. कुठे आवाज चढला, कुठे समोरच्याचं बोलणं तोडलं, हे ऐकायची माझ्या कानाला सवय आहे. तो मेसेज चौदा सेकंदांचा होता. आधी मुलीचा हसरा आवाज, परीक्षेबद्दल काहीतरी सांगणारा. मग मागून माझा. "औषध घेतलंस का? औषध! औ-ष-ध!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आईचा आवाजच नाही. आणि मुलगी वाक्याच्या मधेच थांबलेली, मग पुढचे तीन-चार शब्द अगदी कुजबुजत बोललेली. माझा आवाज चढला तसा तिचा आपोआप खाली गेला होता. तिला ते जाणवलंही नव्हतं, इतकी सवय झाली होती. मी ते चौदा सेकंद पाच-सहा वेळा ऐकले. एखाद्या ग्राहकाशी असं बोललो असतो, तर त्याच दिवशी मला कामावरून काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

त्यानंतर मी एका समुपदेशकांकडे गेलो आणि थोडं वाचायलाही लागलो. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांवर मुद्दाम झोंबेल अशी टीका केली गेली. मग काहींना टीका करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. टीकाकाराला आठवत ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले आणि पुढे संधी मिळताच सर्वांत आक्रमकही तेच झाले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. उशी बडवताना माझ्या डोळ्यांसमोर कोण असायचं, हे मला ते वाचताना आठवलं आणि पुढचं पान उलटवेना.

याच बुशमन यांनी एका सहकारी संशोधक महिलेबरोबर 2024 मध्ये 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्या अभ्यासांत मिळून दहा हजारांहून अधिक माणसं होती. त्यांना असं दिसलं, की संथ श्वास, ध्यान, योगासनं, स्नायू सैल सोडणं अशा शरीर थंडावणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. धावण्यासारख्या शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी सरसकट उतरत नाही, धावण्याने तर उलट थोडा वाढलेलाच दिसला. धावणं हृदयाला चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रागाच्या भरात शरीर आधीच धावत असतं. अॅड्रिनॅलिन सुटलेलं असतं, नाडी वाढलेली असते, स्नायू ताठलेले असतात. त्याला आणखी पळवून ते थांबत नाही.

समुपदेशकांनी मला आणखी एक गोष्ट समजावली आणि तिथे माझ्या संध्याकाळचा उलगडा झाला. एका प्रसंगाने तापलेलं शरीर लगेच निवत नाही. तो उरलेला ताप पुढच्या, संबंध नसलेल्या प्रसंगात मिसळतो आणि आपल्याला वाटतं की समोरच्यानेच आपल्याला इतकं चिडवलं. डॉल्फ झिलमन या संशोधकांनी 1970 च्या दशकात हे मांडलं. आपल्या आज्या याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणत आल्या आहेत. पावणेसहाला मला शिव्या देणारा माणूस सव्वासातला माझ्यामार्फत माझ्या आईवर ओरडत होता.

पण सगळा राग तिथून येत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आईचे कान तपासून घ्यायचं मी दोन वर्षं टाळत होतो. आज वेळ नाही, पुढच्या महिन्यात बघू. तिचा प्रत्येक 'काय' मला त्या राहिलेल्या कामाची आठवण करून द्यायचा आणि ते मला सहन होत नव्हतं. मेसेजच्या त्या प्रकारानंतर आठवड्याभरात मी तिला घेऊन गेलो. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात, म्हणून आवाज पोचतो पण शब्द लागत नाही. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं त्याखाली दबतात आणि शब्द आणखीच गढूळ होतो. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तिला कळावं म्हणून मी ओरडत होतो आणि ओरडण्यानेच तिला कळत नव्हतं.

परत येताना मी तिला विचारलं, मी ओरडतो तेव्हा तुला नक्की काय ऐकू येतं? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शब्द नाही लागत रे. चिडलायस एवढं कळतं."

आता कानाचं मशीन आहे. ते ती निम्मा वेळ काढून ठेवते, पण त्यावर मी चिडत नाही. मी घराबाहेर जिन्यात दहा मिनिटं बसतो. श्वास घेतो त्याच्या दुप्पट वेळ सोडतो. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या दहा मिनिटांत दिवसभरातले कॉल मनात घोळवायचे नाहीत, एवढं मात्र पाळावं लागतं. घोळवले तर बसण्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरं म्हणजे, मी राग लवकर ओळखायला शिकतोय. आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत! कुरकुर, चिडचिड, धुसफूस, वैताग, तणतण, राग, संताप. मला फक्त शेवटचा माहीत होता. आता दातावर दात बसले, कानाच्या पाळ्या गरम झाल्या की मी स्वतःशी म्हणतो, हा वैताग आहे, अजून संताप नाही. भावनेला नाव दिलं की मेंदूतला भीती-धोक्याची घंटा वाजवणारा भाग थोडा शांत होतो, असं मॅथ्यू लिबरमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं. मला चित्रांतलं कळत नाही, पण वैताग हाताळता येतो आणि संताप येत नाही, एवढं अनुभवाने कळलं आहे.

तरीही चढलाच, तर सरळ सांगतो, "मी आत्ता चिडलोय, अर्ध्या तासाने बोलतो." आणि अर्ध्या तासाने खरोखर बोलतो. हे दुसरं वाक्य पाळलं नाही, तर तो अबोला होतो, आणि अबोला मारापेक्षा कमी लागतो असं मला वाटत नाही. राग गिळण्याच्या बाजूने मी मुळीच नाही. चेहरा कोरा ठेवून राग दाबणाऱ्या माणसाच्या शरीरावरचा ताण कमी होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. ज्या गोष्टीचा राग आला, ती बोललीच पाहिजे. फक्त तापलेल्या अवस्थेत नाही. शिव्यांचा कॉल संपताक्षणी पुढचा कॉल कानात येऊ नये, मधे दोन मिनिटं मिळावीत, असं पत्र मी ऑफिसात दिलं. पहिला मसुदा रागाच्या भरात लिहिला होता, तो रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी त्यातली मागणी तेवढी ठेवून बाकीचं काढलं. दोन मिनिटं मिळाली. मलाच नाही, आमच्या सबंध मजल्याला.

1995 मधल्या एका अमेरिकन अभ्यासात, जोराचा राग आल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. हे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते ऐकतात. मुलीचा आवाज खाली गेला, हे सांगतो तेव्हा गप्प होतात.

ज्यांच्या घरी वस्तू फेकल्या जातात, हात उगारला जातो, किंवा कुणी दारातल्या पावलांचा अंदाज घेत जगतं, त्यांचं नुसतं जिन्यात बसून भागणार नाही. त्यांनी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. कधी कधी अशा रागाखाली नैराश्य असतं, दारू असते, कित्येक महिन्यांची अपुरी झोप असते, आणि त्या प्रत्येकावर उपाय आहेत.

मला अजून पूर्ण जमलेलं नाही. गेल्या पंधरवड्यात एकदा आवाज चढला. आई काही बोलली नाही, हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि उठून आत जाऊ लागली. मी तिच्या मागे गेलो, समोर खुर्ची ओढून बसलो आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हटलं. तिला ते लागलं. तिने उत्तर दिलं आणि मग ती आणखी अर्धा तास बोलत राहिली.

आपल्या पुरवणीला घरोघर वाचक आहेत. त्यातला उशीचा सल्ला कुणीतरी उद्या कापून भिंतीवर लावेल. त्यावर या विषयातल्या तज्ज्ञांकडून दुसरा लेख लिहून घ्यावा आणि तो त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे छापावा, ही मनापासून विनंती.

आपला,
एक नियमित वाचक